मराठीत एक शब्द, इंग्रजीत दोन: जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतील फरक कसा ओळखावा

संध्याकाळच्या वर्गात मी नोकरी करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतो. परदेशातील रुग्णालयात नोकरी मिळावी म्हणून परीक्षेची तयारी करणाऱ्या एका परिचारिकेने एकदा सरावासाठी रुग्णाची नोंद लिहून आणली होती. रुग्णाचा उजवा पाय सुजला आहे, हे सांगण्यासाठी तिने 'लेग' हा शब्द वापरला होता. सूज नेमकी कुठे होती असे मी विचारले, तेव्हा तिने खाली वाकून घोट्याच्या खालचा भाग दाखवला. व्याकरण बिनचूक होते, स्पेलिंगही बिनचूक होते. पण ती नोंद वाचून पुढच्या पाळीच्या परिचारिकेने आधी पोटरी तपासली असती, कारण घोट्याखालच्या भागाला इंग्रजीत 'फूट' म्हणतात आणि 'लेग' म्हटले की वाचणाऱ्याची नजर त्याच्या वरच्या भागाकडे जाते.

ही चूक का झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. शाळेत असताना तिने 'लेग म्हणजे पाय' आणि 'फूट म्हणजे पाय' असे दोन्ही शब्द पाठ केले होते. दोन्हींच्या पुढे एकच मराठी शब्द लिहिलेला असल्यामुळे तिच्या मनात ते दोन्ही एकाच खणात जाऊन पडले. 'हात' या शब्दाचेही असेच होते. जेवणापूर्वी आपण धुतो तो हात म्हणजे 'हँड', आणि इंजेक्शन घेतो तो हात म्हणजे 'आर्म'. 'बोट' या शब्दाचेही तेच: हाताचे असेल तर 'फिंगर', पायाचे असेल तर 'टो'.

मराठीला या अवयवांचे बारकावे ठाऊक नाहीत, असे मुळीच नाही. पाऊल, तळवा, टाच, घोटा, पोटरी, मांडी, दंड, कोपर, मनगट, पंजा हे सगळे शब्द त्या परिचारिकेला लहानपणापासून येत होते. रोजच्या बोलण्यात मात्र आपण 'पाय सुजला' एवढेच म्हणतो आणि भाषांतर करताना त्याच ढोबळ वाक्यावरून थेट इंग्रजीकडे उडी मारतो. म्हणून दोन इंग्रजी शब्दांतील फरक कळेनासा झाला, की इंग्रजी शब्दकोश उघडण्यापूर्वी आपण मनात कोणता मराठी शब्द धरला आहे, ते तपासावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून सांगतो. पुढे जे लिहिले आहे, ते सगळे या एका सवयीवर उभे आहे.

ही अडचण फक्त आपलीच नाही, हेही लक्षात असावे. मराठी शिकणाऱ्या इंग्रजी माणसाला 'आम्ही' आणि 'आपण' यांत निवड करताना घाम फुटतो, कारण त्याच्याकडे दोन्हींसाठी 'वुई' एवढाच शब्द आहे. समोरच्याला धरून बोलायचे की वगळून, हा विचार त्याच्या भाषेने त्याला कधी करायला लावलेलाच नसतो.

आधी मराठी वाक्य नेमके करावे

'सी', 'लुक' आणि 'वॉच' हे तीन शब्द घेऊ. तिन्हींचा अर्थ 'पाहणे' असा पाठ केला, की गोंधळ निश्चित होतो. त्याऐवजी मराठीतच तीन वाक्ये करावीत. 'मला धूर दिसला' हे पहिले, 'मी धुराकडे पाहिले' हे दुसरे, आणि 'मी बराच वेळ धूर पाहत राहिलो' हे तिसरे. पहिल्या वाक्यात मी काहीच केलेले नाही. धूर माझ्या नजरेस पडला, एवढेच झाले, आणि म्हणूनच मराठीने 'मी' न म्हणता 'मला' म्हटले. तेथे 'सी' येतो. दुसऱ्यात मी हेतुपूर्वक नजर वळवली. मराठीत जसा 'कडे' लागला, तसा इंग्रजीत 'लुक'पुढे 'ॲट' लागतो. तिसऱ्यात समोर काहीतरी घडते आहे, बदलते आहे आणि माझे लक्ष त्याच्यासोबत पुढे सरकते आहे. मराठीतील 'पाहत राहणे' म्हणजेच इंग्रजीतील 'वॉच'. म्हणून छायाचित्राकडे 'लुक ॲट' करतात आणि क्रिकेटचा सामना 'वॉच' करतात.

हा मेळ शंभर टक्के बसत नाही, आणि जेथे बसत नाही ती ठिकाणे वेगळी लिहून ठेवावी लागतात. 'तू थकलेला दिसतोस' या वाक्यात 'दिसणे' असूनही इंग्रजीत 'लुक' येतो, कारण येथे कोणाच्या नजरेस काय पडले ते सांगायचे नसून चेहऱ्यावरची कळा सांगायची आहे. चित्रपटगृहात जाऊन चित्रपट पाहिला, तर 'सी' चालतो आणि घरी दूरचित्रवाणीपुढे बसलो, तर 'वॉच' हाच शब्द स्वाभाविक वाटतो. अशी अपवादाची वाक्ये थोडीच असतात, पण ती वाक्यासकटच लक्षात ठेवावीत.

'हिअर' आणि 'लिसन' यांच्यासाठी मराठीत 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे' अशी जोडी आहे. मात्र आपण 'ही बातमी मी काल ऐकली' असेही म्हणतो आणि तेथे इंग्रजीत 'हिअर'च लागतो. अशा वेळी मराठी वाक्यात 'लक्ष देऊन' हे दोन शब्द घालून पाहावेत. 'शिक्षकांचे बोलणे लक्ष देऊन ऐक' हे वाक्य सरळ वाटते, म्हणून तेथे 'लिसन' आणि त्यामागोमाग 'टू'. 'रात्री लक्ष देऊन कुत्र्यांचे भुंकणे ऐकू आले' हे वाक्य कानाला खटकते, म्हणून तेथे 'हिअर'.

सर्वांत जास्त चुका मी 'से' आणि 'टेल' यांच्या पाहिल्या आहेत, आणि या बाबतीत तर मराठी आपल्याला जवळजवळ तयार उत्तर देते. 'म्हणणे' म्हणजे 'से', 'सांगणे' म्हणजे 'टेल', 'बोलणे' म्हणजे 'स्पीक' किंवा 'टॉक'. म्हणताना माणूस शब्द उच्चारतो. सांगताना तो कोणाला तरी काहीतरी पोचवतो. म्हणून 'टेल'च्या लगेच पुढे ऐकणारा माणूस यावा लागतो: 'ही टोल्ड मी'. 'से'च्या पुढे माणूस थेट येऊ शकत नाही. आणायचाच असेल, तर मध्ये 'टू' लागतो. 'ही सेड मी' ही चूक आपल्याकडे इतकी रुळली आहे, की ती ऐकताना कोणाला खटकतही नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. मराठीत 'त्याने सांगितले, की गाडी उशिरा येणार आहे' असे कोणाला सांगितले ते न बोलताही म्हणता येते. इंग्रजीत असे वाक्य करताना ऐकणारा माणूस गाळायचा असेल, तर 'टेल' सोडून 'से' घ्यावा लागतो. खरे सांगणे, खोटे सांगणे आणि गोष्ट सांगणे या तीन ठिकाणी मात्र ऐकणाऱ्याचा उल्लेख नसला तरी 'टेल' चालतो.

राहिले 'स्पीक' आणि 'टॉक'. भाषा येते असे सांगायचे असेल, तर 'स्पीक'. दोघांचे आपसांत बोलणे चालले असेल, तर 'टॉक'. सभेत एकटा माणूस उभा राहून बोलतो, तेव्हा 'स्पीक'. यापेक्षा जास्त खोलात जाण्याची येथे गरज नाही.

मग शब्दांची अदलाबदल करून पाहावी

मराठी वाक्य नेमके करूनही शंका उरली, तर एक साधी कसोटी लावावी. आपल्या वाक्यातील इंग्रजी शब्द काढून त्या जागी त्याचा जोडीदार घालावा आणि काय होते ते पाहावे. तीनपैकी एक गोष्ट घडते. एक तर वाक्य मोडते, जसे 'ही सेड मी'मध्ये मोडले. किंवा वाक्य उभे राहते, पण अर्थ फिरतो. किंवा अर्थही तोच राहतो आणि फक्त सूर बदलतो. पहिल्या प्रकारातली चूक वाचणाऱ्याला लगेच दिसते, त्यामुळे ती फारशी घातक नसते. दुसऱ्या प्रकाराची भीती बाळगावी, कारण तेथे वाक्य शुद्ध असते आणि वाचणारा निःशंकपणे चुकीचा अर्थ घेऊन जातो.

'बुडणे' हा शब्द या दुसऱ्या प्रकाराचा उत्तम नमुना आहे. जहाज बुडते ते 'सिंक'. माणूस बुडतो ते 'ड्राउन'. सूर्य बुडतो ते 'सेट'. एखादी पतपेढी बुडाली तर इंग्रजीत 'फेल' किंवा 'कोलॅप्स' म्हणतात आणि शाळा बुडवली तर 'मिस'. पण खरी मेख 'ड्राउन'च्या भूतकाळी रूपात आहे. नदीत पोहायला गेलेला मुलगा बुडाला आणि काठावरच्या लोकांनी त्याला वाचवले, असे मराठीत खुशाल म्हणता येते, कारण आपल्या 'बुडाला' या शब्दात मृत्यू गृहीत धरलेला नाही. तो पुढच्या वाक्यावरून ठरतो. इंग्रजीत 'ही ड्राउन्ड' याचा अर्थ तो बुडून मेला, असाच होतो. वाचलेल्या मुलाबद्दल लिहायचे असेल, तर 'ही वॉज ड्राउनिंग', म्हणजे तो बुडत होता, असे लिहावे लागते. बातमी, पोलिसांकडील जबाब किंवा विम्याचा अर्ज इंग्रजीत लिहिताना हा फरक किती मोठा ठरेल, हे वेगळे सांगायला नको.

'सावली' हा शब्दही असाच आहे आणि तो समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातच एक सुंदर संधी दरवर्षी मिळते. मे महिन्यात वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या तारखांना दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. या दिवसाला आपण शून्य सावली दिवस म्हणतो आणि इंग्रजीत त्याला 'झिरो शॅडो डे' म्हणतात. त्या क्षणी काठीची 'शॅडो' नसते, पण शेजारच्या आंब्याखाली बसलेल्या माणसाला 'शेड' मिळतच असते. वस्तूची आकृती जमिनीवर किंवा भिंतीवर उमटते, तिला कडा असते, ती मोजता येते, ती 'शॅडो'. ऊन अडल्यामुळे जो आडोसा आणि गारवा मिळतो, ती 'शेड', आणि ती मोजता येत नाही. मराठीत 'सावली पडली' म्हटले की बहुधा 'शॅडो' आणि 'सावलीत बसलो' म्हटले की बहुधा 'शेड'. म्हणजे एकाच मराठी शब्दाला कोणता प्रत्यय आणि कोणते क्रियापद लागले, यावरूनही इंग्रजी शब्दाचा सुगावा लागतो.

'उंच' या शब्दासाठी आकाराकडे पाहावे. माणूस, झाड, मनोरा, इमारत अशी रुंदीच्या मानाने वर गेलेली वस्तू 'टॉल' असते. डोंगर, भिंत, छत आणि जमिनीपासून वर असलेली फळी 'हाय' असते. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर 'हाय' आहे, आणि त्याच्या पायथ्याशी उभा असलेला सागवान 'टॉल' आहे.

देवाणघेवाणीचे शब्द: दिशा विचारावी

पैशाच्या आणि वस्तूंच्या व्यवहारात दिशा चुकली, की देणेकरी घेणेकरी होतो. 'आणणे' आणि 'नेणे' या जोडीमुळे 'ब्रिंग' आणि 'टेक' आपल्याला अवघड जात नाहीत. अडचण होते ती 'उसने' या शब्दापाशी, कारण मराठीत शब्द तोच राहतो आणि दिशा फक्त 'घेणे' किंवा 'देणे' यातून कळते. उसने घेणे म्हणजे 'बॉरो', उसने देणे म्हणजे 'लेंड'. 'लेंड मी युवर पेन' म्हणजे तुमचे पेन मला उसने द्या. हेच वाक्य 'बॉरो मी' असे केले, तर ते मोडते. कर्जाच्या अर्जात बँक 'लेंडर' असते आणि आपण 'बॉरोअर', एवढे एक चित्र मनात ठेवले तरी चूक टळते.

पण येथेही आपली भाषा इंग्रजीपेक्षा चोखंदळ आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली ती उसनी, दुकानदाराकडून पैसे नंतर देण्याच्या बोलीवर आणली ती उधार, आणि सोसायटीतून व्याजाने काढले ते कर्ज. यांपैकी उधारीला 'बॉरो' म्हणता येत नाही, कारण ती साखर आपण परत करणार नसतो. तिचे पैसे देणार असतो. तेथे इंग्रजीत 'ऑन क्रेडिट' असे म्हणतात. दुकानातील 'आज रोख, उद्या उधार' या पाटीतील उधार म्हणजे 'क्रेडिट'. कर्ज म्हणजे 'लोन'.

'भाडे' या शब्दाला तर इंग्रजीत चार तरी पर्याय आहेत. एसटीचे किंवा रिक्षाचे भाडे म्हणजे प्रवाशाने प्रवासासाठी द्यायचे पैसे, म्हणून 'फेअर'. घराचे भाडे दरमहा द्यायचे, म्हणून 'रेंट'. ट्रकने माल पाठवला तर त्याचे भाडे 'फ्रेट'. लग्नासाठी खुर्च्या किंवा एका दिवसासाठी गाडी भाड्याने घेतली तर ब्रिटिश इंग्रजीत 'हायर' म्हणतात. अमेरिकेत गाडीलाही 'रेंट'च लावतात. भारतात दोन्ही ऐकू येतात आणि दोन्ही कळतात, त्यामुळे येथे कोणाची चूक काढत बसू नये. घराच्या बाबतीत मात्र दिशा पाहावी लागते, कारण 'रेंट' हे क्रियापद भाडेकरूही वापरतो आणि मालकही. मालकाची बाजू स्पष्ट करायची असेल, तर 'रेंट आउट' किंवा 'लेट' म्हणावे. शहरात इमारतींवर 'टू लेट' अशा पाट्या असतात, त्यांतील 'लेट' हा शब्द 'भाड्याने देणे' या अर्थाचा आहे. त्याचा उशिराशी काही संबंध नाही.

दिशेचा एक शेवटचा प्रश्न आपल्या संस्कारातून येतो. निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, असे आपल्याला घरात शिकवलेले असते. तो शिष्टाचार थेट इंग्रजीत नेला आणि निघताना 'आय ॲम कमिंग' म्हटले, तर समोरचा माणूस दाराकडे पाहत थांबेल.

कायद्याने आखलेल्या सीमा

काही शब्दांतील फरक बोलणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेला नसतो. तो कायद्याने ठरवलेला असतो. चोरी, जबरी चोरी आणि दरोडा हे तीन शब्द मराठी वर्तमानपत्राच्या वाचकाला रोज दिसतात. भारतात १८६० च्या दंड संहितेने त्यांच्या व्याख्या केल्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्या मूळ स्वरूपात कायम आहेत. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने ती हलवणे ही चोरी, म्हणजे 'थेफ्ट'. चोरी करताना इजा केली किंवा तत्काळ इजा होण्याची भीती घातली, की ती जबरी चोरी, म्हणजे 'रॉबरी'. आणि तेच कृत्य पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले, की तो दरोडा, म्हणजे 'डेकॉइटी'. हा शेवटचा शब्द इंग्रजीने आपल्याच देशातून, हिंदीतील 'डकैत' या शब्दावरून उचललेला आहे. नव्या संहितेत हिसकावून नेण्याचा, म्हणजे 'स्नॅचिंग'चा, स्वतंत्र गुन्हाही आला आहे. गळ्यातील मंगळसूत्र ओढून पळणे त्यात बसते.

त्यामुळे तक्रार इंग्रजीत लिहिताना घरात कोणी नसताना दागिने गेले, तर 'रॉबरी' लिहू नये. क्रियापदांतही हा फरक उतरतो. 'स्टील'च्या पुढे गेलेली वस्तू येते, तर 'रॉब'च्या पुढे ज्याला लुटले तो माणूस किंवा जी लुटली ती बँक येते. पाकीट 'स्टील' करतात, प्रवाशाला 'रॉब' करतात. मराठीत 'चोरणे' आणि 'लुटणे' नेमके असेच वागतात: पाकीट चोरले म्हणतो, प्रवाशाला लुटले म्हणतो.

संगत आणि संख्या

काही ठिकाणी कोणतेही कारण शोधू नये. 'करणे' या एका शब्दावर मराठीचा अर्धा संसार चालतो आणि इंग्रजीत त्याचे 'डू' आणि 'मेक' असे दोन भाग होतात. जे नव्याने तयार होते त्याला 'मेक' आणि जे पार पाडायचे असते त्याला 'डू', हा नियम बऱ्यापैकी उपयोगी पडतो: चहा 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात. पण चूक 'मेक' का करतात आणि आंघोळ 'टेक' का करतात, याला संगत हेच उत्तर आहे. आपणही मार खातो, थापा मारतो, शपथ घेतो आणि झोप काढतो. मार का खायचा असतो, असा प्रश्न कोणा मराठी मुलाला पडत नाही, कारण त्याने तो शब्द एकटा कधी ऐकलेलाच नसतो. कडक चहा इंग्रजीत 'स्ट्राँग' असतो आणि मुसळधार पाऊस 'हेवी'. असे शब्द जोडीनेच लिहावेत आणि जोडीनेच म्हणावेत.

संख्येचा प्रश्न 'काम' या शब्दात ठळक दिसतो. 'मला आज बरीच कामे आहेत' याचे इंग्रजी करताना 'वर्क'चे अनेकवचन करण्याचा मोह होतो, पण या अर्थाचा 'वर्क' मोजता येत नाही. मोजायचेच असेल, तर 'जॉब' किंवा 'टास्क' घ्यावा. 'वर्क्स' हे रूप इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे आणि तो आपल्या ओळखीचाही आहे: सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इंग्रजी नावात जे 'वर्क्स' आहे, ते रस्ते, पूल आणि इमारतींची बांधकामे सांगते. सल्ला, माहिती आणि सामान यांचे 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन' आणि 'लगेज' हे शब्दही मोजता येत नाहीत.

सूर ओळखण्यासाठी थोडा इतिहास

अदलाबदलीनंतर अर्थ तोच राहिला आणि फक्त सूर बदलला, तर त्यामागे बहुधा शब्दाचे कूळ असते. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच राहिली. न्यायालयातील तोंडी कामकाज इंग्रजीत चालावे, असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडले. शेतात, घरात इंग्रजी आणि दरबारात फ्रेंच, शिवाय विद्वानांच्या हाती लॅटिन, अशी तिहेरी व्यवस्था शतकानुशतके चालल्यामुळे एकाच अर्थाचे दोन किंवा तीन शब्द इंग्रजीत शेजारी शेजारी उरले. 'आस्क' हा जुना घरचा शब्द, 'क्वेश्चन' हा फ्रेंचांकडून आलेला आणि 'इंटरॉगेट' हा लॅटिनमधला. विचारणे, प्रश्न करणे आणि कसून चौकशी करणे असा त्यांचा चढता क्रम आहे. मित्राला 'आस्क' करतात. त्याला 'इंटरॉगेट' केले, तर तो आरोपी ठरतो.

मराठी वाचकाला हे समजायला कठीण जाऊ नये, कारण आपल्या भाषेतही असेच थर आहेत. नळाला पाणी येते आणि सरकारात जलसंपदा विभाग असतो. 'नळाला जल आले' असे कोणी म्हणत नाही. मित्राला पाठवायच्या निरोपात 'बिगिन'च्या जागी 'कमेन्स' घातला, तर त्याला तो नळाच्या जलासारखाच वाटतो. मृत्युपत्राच्या इंग्रजी मथळ्यात 'विल' हा घरचा आणि 'टेस्टामेंट' हा लॅटिन शब्द जोडून येतात. आपल्या 'धनदौलत' आणि 'कागदपत्र' या शब्दांत संस्कृताशेजारी अरबी-फारसी शब्द अगदी तसाच बसलेला आहे. सूर कळत नसेल तर साधा, छोटा, घरचा शब्द निवडावा. तो क्वचितच चुकतो, आणि अर्जातही तो वाईट दिसत नाही, असे माझे ठाम मत आहे.

कोश आणि वही

इंग्रजी-मराठी शब्दकोश शब्दाची दिशा दाखवण्यासाठी चांगला असतो. दोनांतला एक निवडण्यासाठी मात्र इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठी केलेला कोश घ्यावा. असा कोश ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या अनुभवातून तयार केला आणि तो १९४२ मध्ये जपानमध्येच प्रथम प्रसिद्ध झाला. तेव्हापासून अशा कोशांचे बळ व्याख्येपेक्षा उदाहरणात आहे: क्रियापदापुढे माणूस येतो की वस्तू, नाम मोजता येते की नाही, शेजारी कोणता शब्द बसतो, हे त्यांत दाखवलेले असते. व्याख्या वाचून थांबू नये. दोन्ही शब्दांची उदाहरणे समोरासमोर ठेवून वाचावीत.

वहीत 'अमुक म्हणजे तमुक' असे लिहिण्याची सवय सोडावी. पानाच्या माथ्यावर मराठी शब्द लिहावा आणि त्याखाली स्वतःच्या आयुष्यातील दोन इंग्रजी वाक्ये अशी लिहावीत, की एकातला शब्द दुसऱ्यात घालताच काहीतरी बिघडेल. आठवड्याला अशी चार पाने पुरेत. दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवलेली वाक्ये टिकत नाहीत; ज्या वाक्यात आपले गाव, आपले काम, आपली गरज असते ते टिकते.

त्या परिचारिकेच्या वहीत 'पाय' या शब्दाखाली आता दोन ओळी आहेत. मोटारसायकलवरून पडलेल्या मुलाचे मांडीचे हाड मोडले, तेथे 'लेग'. मधुमेह असलेल्या आजोबांच्या तळव्याला जखम झाली, तेथे 'फूट'. त्यापुढचे पान तिने 'पोट' या शब्दाला दिले आहे. रुग्ण 'पोटात दुखते' एवढेच म्हणतो, आणि इंग्रजीत 'स्टमक' म्हणजे काटेकोर अर्थाने फक्त जठर, तर 'ॲब्डोमेन' म्हणजे छातीखालचा पोटाचा सगळा भाग. म्हणून ती आता आधी रुग्णाला दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला सांगते आणि मगच नोंदीसाठी पेन उचलते.